रिव्हॉल्व्हर भरलेले असावे काय?

जुहू येथील आपल्या राहत्या घरी १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे चित्रपट अभिनेते गोविंदा हे कोलकत्याच्या प्रवासास निघण्याच्या तयारीत असता त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली व त्यांच्या पायात शिरली. कपाटात ठेवताना रिव्हॉल्व्हर हातून निसटून पडले व गोळी उडाली, असे त्यांच्या वतीने सांगण्यात आले. शस्त्रक्रियेने गोळी निघाली, ते बरे झाले, आणि चार दिवस चर्चा करून शहराने तो विषय सोडून दिला. आमच्या मते तो सोडण्याजोगा नव्हता. आत्मसंरक्षणार्थ बाळगलेले शस्त्र भरलेले असावे की रिकामे, हा प्रश्न या शहरातील प्रत्येक परवानाधारकाच्या घरात आहे, आणि त्या घरांत मुलेबाळे व नोकरमाणसेही वावरतात.

भरलेल्या शस्त्राचा कैवार घेणाऱ्यांचे म्हणणे पोरकट नाही. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातील प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ साली असे मांडले की, सुरा घेतलेला धडधाकट इसम २१ फुटांचे अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो. सरावाच्या शिपायास शस्त्र उपसून झाडावयास जवळपास तेवढाच वेळ लागतो. मग काडतुसे शोधून भरावयास अवसर कोठला? परंतु हाच हिशेब पुढे चालवावा. ज्याने परवाना मिळाल्यापासून एकदाही चांदमारीचे मैदान पाहिले नाही, त्याचे भरलेले शस्त्रही त्या दीड सेकंदात त्याच्या कामी येणार नाही. आणि ज्याचे शस्त्र कपाटात आहे, त्याने ते भरून ठेवून काय साधले? कपाटापर्यंत पोचावयास ज्यास वेळ आहे, त्यास काडतुसे भरावयासही तो बहुधा मिळेल.

यंत्राची एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण ती अनेक परवानाधारकांसही ठाऊक नसते. रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्रात बहुधा सहा घरे असतात. जुन्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये आघात करणारा घोडा भरलेल्या घरावर टेकलेला असतो, आणि शस्त्र घोड्यावर आपटले की काडतूस पेटू शकते. म्हणूनच गेल्या शतकाच्याही आधीपासून जाणते लोक घोड्याखालचे घर रिकामे ठेवून पाचच काडतुसे भरीत. यात सज्जतेचा तोटा काही नाही. चाप ओढताच चक्र फिरते आणि पुढले भरलेले घर घोड्यासमोर येते. नव्या घडणीत घोडा अडविणारी पट्टी असते. पण आपले शस्त्र कोणत्या घडणीचे आहे, हे किती जणांनी विचारून घेतले आहे? पिस्तुलाचे गणित निराळे. त्याची नळी रिकामी ठेवली तर वरचा सरकता भाग दुसऱ्या हाताने ओढावा लागतो, आणि तो हात त्या वेळी वार अडविण्यात गुंतलेला असू शकतो. तेव्हा पिस्तूल अंगावर भरलेले बाळगणे हे रोज सराव करणाऱ्याचे काम होय, हौसेचे नव्हे.

कायदा याबाबत अगदीच मुका नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत परवान्यासाठी सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची अट आहे, आणि सार्वजनिक ठिकाणी हातातले शस्त्र होल्स्टरमध्ये, झाकलेले असावे असेही सांगितले आहे. मात्र २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. एकदा शिकलेला हात पाच वर्षे शिकलेलाच राहतो, ही समजूत कोणाची?

मुंबईत परवाना देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांचा आहे. आमची त्यांस सूचना अशी की, प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी अर्जदारास शस्त्रासह समोर बोलवावे, ते रिकामे करून, पुन्हा भरून, सुरक्षित ठेवून दाखवावयास सांगावे, आणि ज्यास हे साधत नाही त्याचे शस्त्र ते साधेपर्यंत पोलीस ठाण्यात ठेवून घ्यावे. अर्जदार मंत्री असो, नट असो वा बांधकामाचा ठेकेदार असो.