काचेसारखं सीरम

उटणं घरी करणाऱ्या मुली आता सीरमही घरी करायला लागल्या आहेत. करावं की! पण उटणं कोरडं असतं आणि सीरम म्हणजे नव्वद टक्के पाणी. कोरड्या डब्यात सहसा काही वाढत नाही, पाण्यात वाढतं. सगळी काळजी त्याचीच.

मी नियासिनमाइडचं करते. १०० ग्रॅमसाठी डिस्टिल्ड वॉटर ९०.५ ग्रॅम, नियासिनमाइड ४, ग्लिसरीन ४, सोडियम हायलुरोनेट अर्धा ग्रॅम आणि फिनॉक्सीइथेनॉलचं प्रिझर्व्हेटिव्ह १ ग्रॅम. चमच्याचं माप इथे चालत नाही, ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. हायलुरोनेट थेट पाण्यात टाकलं की साबुदाण्यासारखे गोळे होतात. म्हणून आधी ते ग्लिसरीनमध्ये कालवायचं, मग त्यात नियासिनमाइड विरघळवलेलं पाणी ओतायचं आणि झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. सकाळी गोळे आपोआप विरलेले असतात. मग प्रिझर्व्हेटिव्ह घालून नीट ढवळायचं आणि पट्टीने पीएच बघायचा. तो साडेपाच ते सहाच्या आसपास हवा. फार आंबट झालं तर नियासिनमाइडचं हळूहळू नायसिन होतं आणि चेहरा लाल होऊन चुणचुणतो. लिंबू पिळायचं नाही ते म्हणूनच.

बोरिंगचं पाणी नको, त्यात क्षार असतात. सुगंधी तेलाचे थेंबही नकोत. तेल पाण्यात विरघळत नाही, सीरम दुधाळ होतं. पॉलिसॉर्बेट २० घालून ते पारदर्शक करता येतं, पण चिकटपणा वाढतो आणि वासापलीकडे हाती काही लागत नाही. कुंडीतल्या कोरफडीचा गरही नको. जिवाणूंना तेवढं खाद्य मिळालं की एवढंसं प्रिझर्व्हेटिव्ह पुरं पडेलच असं नाही. आणि व्हिटॅमिन ई हे प्रिझर्व्हेटिव्ह नव्हे, ते फक्त तेल खवट होणं लांबवतं.

आता मुख्य गोष्ट. सीरम स्वच्छ दिसतंय म्हणजे चांगलं आहे, असं धरू नका. पाणी डोळ्यांना गढूळ दिसायला एका मिलिलीटरमध्ये साधारण १० लाखांहून जास्त जिवाणू लागतात. त्याच्या कितीतरी आधी ते फुटलेल्या पिंपलवर किंवा डोळ्यात त्रास द्यायला पुरेसे असतात. म्हणून बाटली निर्जंतुक हवी, ड्रॉपरपेक्षा पंपाची बरी. आणि लावण्याआधी कोपराच्या आत थोडं लावून दोन दिवस वाट बघायची.

आमच्या ओळखीतल्या एका मुलीच्या मनात यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ४० बाटल्यांचं वाण द्यायचं होतं. मी सरळ नको म्हटलं. आपल्या चेहऱ्याचं आपण बघून घेऊ. कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या चेहऱ्यावर डॉक्टरांचं औषध चालू आहे, बाटली किती महिने उन्हात खिडकीत पडेल, हे तिला कसं कळणार? विकायचं म्हटलं तर सौंदर्यप्रसाधनांच्या उत्पादनाला परवानाच लागतो. थोडी रुसली. मग चाळीस पुड्या उटण्याच्या बांधल्या, प्रत्येकीवर तारीख घालून.