अदत्तादान आणि प्रवासविमा



मालवणच्या सहलीचे तिकीट ऑनलाइन काढताना प्रवासविम्याचे पैसे अनेकदा नकळत रकमेत मिळविले जात. होकाराच्या चौकटीत खूण आधीच केलेली असे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये ही प्रथा निषिद्ध ठरविली. विमा घ्यावा की नाही, हे प्रवाशानेच ठरवावयाचे. न दिलेले घेणे म्हणजे अदत्तादान, ही अचौर्याणुव्रताची शिकवण. रक्कम अल्प असल्याने दोष टळत नाही.

कायदा ग्राहकालाही बांधतो. १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार एजंटाने आपल्या कमिशनातून हप्त्यात सूट देणे आणि ग्राहकाने ती घेणे, दोन्ही निषिद्ध आहे. दंड १० लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. घासाघीस करण्याची आपली सवय येथे आवरावी.

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची नौका उलटून दोघांचा मृत्यू झाला. रेल्वेच्या ई-तिकिटासोबतचा ऐच्छिक विमा रेल्वेप्रवासापुरताच असतो. कुडाळला उतरून पुढे केलेल्या नौकाविहाराला तो लागू नाही. स्कूबासारखे साहसी खेळही पुष्कळ पॉलिसींतून वगळलेले असतात. म्हणून विक्रेत्याचा परवाना पाहावा, वगळलेल्या बाबी वाचाव्यात, वारसाचे नाव नोंदवावे. विमा कंपनीने दावा अन्यायाने फेटाळल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

यात्रासंघ नेणाऱ्या बंधूंनीही विम्याची रक्कम वेगळी दाखवून प्रत्येकाची संमती घ्यावी. सहप्रवाशांचा विश्वास हेच संघपतीचे खरे भांडवल होय.