जिभेला हाड नसतं, पण...

बालदोस्तांनो,

गेल्या आठवड्यात सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलं. तिचं नाव मी सांगणार नाही. का, ते पुढं कळेलच.

वर्गाच्या सहलीचे पैसे गोळा करायचं काम तिच्याकडे होतं. हिशेब केला तर पन्नास रुपये कमी! मधल्या सुट्टीत कुणीतरी सहज म्हणालं, "तिच्याकडे नवी कंपासपेटी आलीय, पाहिलीस का?" बस्स! शाळा सुटेपर्यंत त्याला तिखटमीठ लागलं आणि वर्गभर झालं, "पैसे तिनंच घेतले." दोन दिवसांनी ती नोट सरांच्या हजेरीपटात सापडली. पण गंमत बघा. 'पैसे घेतले' हे सगळ्यांना एका दुपारी कळलं. 'पैसे सापडले' हे सांगत मात्र कुणीच फिरलं नाही. "ताई, मला आता शाळेत जावंसंच वाटत नाही," असं तिनं लिहिलंय.

दोस्तांनो, कंपासपेटीचं वाक्य खोटं नव्हतं बरं का! पेटी खरंच नवी होती. पण खरं वाक्यसुद्धा पाठीमागे, डोळे मिचकावून बोललं की त्याची चहाडी होते.

तुम्हाला डॉक्टर आनंदीबाई जोशी ठाऊक आहेत ना? त्या मुंबईत शाळेत जायच्या, तेव्हा रस्त्यातले लोक त्यांना पाहून खो खो हसत. काहींनी तर खडेही मारले. पुढं त्या अमेरिकेला शिकायला जाणार म्हटल्यावर कुजबुजीला ऊतच आला. आता ही धर्म बुडवणार, असं लोक बोलू लागले. मग १८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमधल्या श्रीरामपूरला त्यांनी सभेत उभं राहून, आपण अमेरिकेला का जाणार, ते सगळ्यांसमोर सांगितलं.

एवढा धीर कुठून आला? त्यांचा स्वतःचा तर होताच. पण त्याला एका पत्रांच्या गठ्ठ्याचीही साथ होती. अमेरिकेतल्या कार्पेंटरबाईंनी दंतवैद्याकडे पाळीची वाट बघताना एका मासिकात आनंदीबाईंच्या शिकण्याच्या धडपडीविषयी वाचलं. ओळख ना देख, पण त्यांनी पत्र लिहिलं. मग पत्रांमागून पत्रं गेली, आली. आनंदीबाई त्यांना मावशीच मानू लागल्या. त्याच वर्षी, अवघ्या अठराव्या वर्षी, त्या बोटीनं अमेरिकेला पोचल्या, तेव्हा बंदरावर घ्यायला मावशी हजर! ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई डॉक्टर झाल्या.

हसणारे पुष्कळ होते. धीर देणारी माणसं मोजकीच. तरी ती पुरली!

मग आपण काय करायचं? कुणाविषयी काही कानावर आलं, तर आधी मनाशी विचारायचं, "हे मी तिच्यासमोर बोलू शकेन का?" उत्तर 'नाही' आलं, तर गोष्ट तिथंच थांबवायची. आणि एखादी खोटी गोष्ट आपल्या तोंडून गेलीच असेल, तर नुसतं 'सॉरी' पुरत नाही. जितक्या जणांना 'घेतले' सांगितलं, तितक्या जणांकडे जाऊन 'सापडले' हेही सांगायचं. जीभ जड होईल, पण सांगायचं!

आणि माझ्या पत्रवाल्या मैत्रिणी, तू उद्या शाळेत जा. मान वर करून जा. तुझा हिशेब चोख होता.

बाकीच्यांनो, आता कळलं ना, मी नाव का सांगितलं नाही? सांगितलं असतं, तर तुम्ही ते दुसऱ्याच्या कानात सांगितलं असतंत! त्यापेक्षा या आठवड्यात एक काम करा. वर्गात जी मुलगी किंवा मुलगा डबा एकट्यानंच खातो, त्याच्या शेजारी जाऊन बसा. त्याचं जे खरंच आवडलं असेल, अक्षर असो, चित्र असो, ते त्याला सांगा. खोटी स्तुती नको हं! मग काय झालं, ते मला कळवा. मी वाट बघतेय.

तुमची,
ताई