पुनर्मुद्रणाच्या झगमगाटात हरवलेला रंग

'जुने ते सोने' अशी म्हण आपल्याकडे आहे. पण त्या सोन्यावर नवा मुलामा चढवला तर त्याला काय म्हणावे, असा प्रश्न सध्या अमेरिकी चित्रकथांच्या, म्हणजेच कॉमिक्सच्या, चाहत्यांना पडला आहे. १९६०च्या दशकात दहा-बारा सेंटला मिळणारे आणि वाचून झाले की रद्दीत जाणारे अंक आज जाडजूड खंडांच्या रूपाने पुन्हा बाजारात येत आहेत. २०२१ मध्ये टाशेन या जर्मन प्रकाशनसंस्थेने 'स्पायडरमॅन'च्या पहिल्या अंकांचा दीडशे डॉलर किमतीचा अवाढव्य ग्रंथ काढला. उलट २०२४च्या जूनपासून डीसी कॉमिक्सने गाजलेल्या चित्रकथांच्या लहान आकारातील आवृत्त्या दहा डॉलरच्या आत द्यायला सुरुवात केली. या गर्दीत एक साधा प्रश्न मात्र मागे पडला आहे. हातात आलेले पुस्तक मूळ अंकाशी कितपत प्रामाणिक आहे?

चौसष्ट छटांचा हिशेब

हा प्रश्न समजून घ्यायचा तर आधी मूळ अंक कसा तयार होत असे ते पाहावे लागेल. चित्रकार मोठ्या जाड कागदावर काळ्या शाईने चित्रे काढी. त्याच्या लहान प्रतीवर रंगसंगतीकार जलरंगाने रंग भरी आणि प्रत्येक छटेचा सांकेतिक क्रमांक लिहून देई. त्यावरून कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्ट येथे रंगांचे पृथक्करण हाताने केले जाई. हे काम करणाऱ्या बहुतांश महिला होत्या आणि त्यांची नावे अंकात कधी छापली गेली नाहीत. निळा, किरमिजी आणि पिवळा या तीन रंगांच्या प्रत्येकी चारच पायऱ्या असत: शून्य, २५, ५० आणि १०० टक्के. म्हणजे सगळा खेळ ६४ छटांचा. फिकट छटा बारीक ठिपक्यांतून साधल्या जात.

छपाई होई ती वृत्तपत्राच्या कागदावर. हा कागद करडा, काहीसा खरखरीत आणि शाई शोषून घेणारा. रंग त्यावर उतरताना मंद होणार, हे रंगसंगतीकाराला ठाऊक असे आणि त्या अंदाजानेच तो छटा निवडी. कालवण तिखट केले जाते ते भाताच्या हिशेबाने. तेच नुसते वाटीने प्यायले तर ठसका लागणारच. नेमके हेच पुनर्मुद्रणात घडले. त्याच ६४ छटा पांढऱ्याशुभ्र, गुळगुळीत आर्ट पेपरवर उतरल्या आणि भडक दिसू लागल्या. कागद उंची झाला, छपाई अचूक झाली. पण मुळातील मवाळपणा गेला.

मूळ प्रत म्हणजे कोणती?

मार्व्हलने १९८७ मध्ये 'मार्व्हल मास्टरवर्क्स' ही पुठ्ठाबांधणीची मालिका सुरू केली. डीसीच्या 'आर्काइव्ह एडिशन्स' १९८९ मध्ये आल्या. तेव्हा अडचण कागदाची नव्हती, मूळ सामग्रीची होती. चित्रकारांनी काढलेली पाने जगभर विखुरली होती किंवा नष्ट झाली होती. अनेक अंकांच्या फिल्मही जपल्या गेल्या नव्हत्या. मग काही पाने पुन्हा गिरवून घेण्यात आली. काही ठिकाणी छापील अंकच रसायनात बुडवून त्यावरील रंग उडवले गेले आणि उरलेल्या काळ्या रेषांवर नव्याने रंग भरले गेले. ग्रेग थिकस्टन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत मूळ अंकाचा बळी जाई आणि नाजूक रेषाही काही वेळा हरवत.

पुढे स्कॅनर आणि संगणक आले. काम सोपे झाले, पण मोहही वाढला. संगणकावर ६४ नव्हे तर लाखो छटा हाताशी होत्या. सपाट रंगाच्या जागी चढत्या-उतरत्या छटा भरण्यात आल्या आणि १९५० वा १९६०चे चित्र कालपरवाचे दिसू लागले. दुसरीकडे मार्व्हलने १९९६ पासून 'इसेन्शियल' मालिकेत आणि डीसीने २००५ पासून 'शोकेस प्रेझेंट्स'मध्ये रंगच काढून टाकले. साधा कागद, कृष्णधवल छपाई, पाचशेच्या घरात पाने आणि कमी किंमत. गंमत अशी, की चित्रकाराची रेषा पाहायची असेल तर अनेकदा हे स्वस्त खंडच महागड्या खंडांपेक्षा उपयोगी पडतात.

रंग कोणाचा?

या वादाचे ठळक उदाहरण म्हणजे 'बॅटमॅन: द किलिंग जोक'. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चित्रकथेची चित्रे ब्रायन बॉलंड यांची आणि रंग जॉन हिगिन्स यांचे होते. हिगिन्स यांचे झगमगते नारिंगी-जांभळे रंग वाचकांच्या मनात घर करून बसले. बॉलंड यांच्या मनात मात्र वेगळीच, थंड रंगसंगती होती. २००८च्या विशेष आवृत्तीत त्यांनी सगळी कथा स्वतः नव्याने रंगवली. वाचकांत दोन तट पडले. चित्रकाराचा अधिकार मोठा, की वीस वर्षे वाचकांनी आपलीशी केलेली प्रत मोठी? अखेर २०१८ मध्ये आलेल्या मोठ्या आकारातील आवृत्तीत दोन्ही रंगसंगती एकत्र देण्यात आल्या. वाद मिटला असे नाही. पण निवड वाचकाच्या हाती आली. पुनर्मुद्रणाच्या व्यवहारात असा प्रामाणिकपणा अजूनही अपवादानेच दिसतो.

आकारामागचे अर्थकारण

मूळ अंक साधारण ७ बाय १० इंचांचा. डीसीच्या नव्या लहान आवृत्त्या साडेपाच बाय साडेआठ इंचांच्या, तर मार्व्हलने २०२१ मध्ये आणलेली 'मायटी मार्व्हल मास्टरवर्क्स' ही मालिका ६ बाय ९ इंचांची आहे. जपानी चित्रकथांच्या शेजारी पुस्तकाच्या दुकानात मांडता यावे, नव्या वाचकाच्या दप्तरात बसावे, हा त्यामागचा हिशेब उघड आहे. कॉमिक्सच्या खास दुकानांना माल पुरवणाऱ्या डायमंड या एकेकाळच्या सर्वांत मोठ्या वितरकाने जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यानंतर तर सर्वसाधारण पुस्तकांच्या दुकानांचे महत्त्व अधिकच जाणवू लागले आहे. मात्र आकार घटला की संवादांची अक्षरेही घटतात आणि चाळिशी ओलांडलेल्या वाचकाला भिंग शोधावे लागते.

जाड खंडांचे दुखणे वेगळे. हजार-हजार पानांच्या ग्रंथात समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेले चित्र मधल्या शिवणीत गडप होते. टाशेनने जपलेल्या जुन्या अंकांची छायाचित्रे घेऊन, चकाकी नसलेल्या कागदावर, ठिपक्यांसह छपाई केली. हा जुन्या अनुभवाच्या जवळ जाण्याचा प्रयत्न निश्चितच आहे. तरीही जुन्या छपाईतील दोष संगणकावर दुरुस्त केले गेले आणि पान जवळजवळ ११ बाय साडेपंधरा इंचांचे झाले. अंथरुणात लोळून वाचण्याची वस्तू मेजावर मांडून पाहण्याची झाली.

तिसरी वाट आयडीडब्ल्यूने २०१० मध्ये डेव्ह स्टीव्हन्स यांच्या 'रॉकेटियर'पासून दाखवली. चित्रकाराचे मूळ पान, त्यावरील निळ्या पेन्सिलीच्या खुणा, पांढऱ्या रंगाने झाकलेल्या चुका आणि चिकटवलेले तुकडे यांसह मूळ आकारातच छापायचे. हे जुन्या अंकाचे पुनर्मुद्रण नव्हेच. तो कलावंताच्या हाताचा दस्तऐवज आहे. अर्थात त्यासाठी मूळ पाने शिल्लक असावी लागतात. स्पायडरमॅनची पहिली कथा ज्यात आली त्या १९६२च्या अंकाची स्टीव्ह डिटको यांनी काढलेली २४ पाने २००८ मध्ये एका अनामिक दात्याने लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिली, म्हणून ती सार्वजनिक ठेव झाली. बहुसंख्य पानांच्या नशिबी हे भाग्य नव्हते.

एका ओळीची अपेक्षा

हा केवळ हौशी संग्राहकांचा वाद नाही. वृत्तपत्री कागद आम्लामुळे पिवळा पडून ठिसूळ होतो. जुने अंक दर वर्षी थोडे थोडे नाहीसे होत आहेत. उद्याच्या वाचकाला आणि अभ्यासकाला उपलब्ध असेल ते पुनर्मुद्रणच. त्यात चुकीची गिरवलेली रेषा किंवा बदललेला रंग उद्या अस्सल म्हणून खपेल.

मराठी वाचकालाही हे परके वाटू नये. टाइम्स समूहाच्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून १९६४ ते १९९० या काळात फॅण्टम आणि मॅण्ड्रेक मराठीतही घरोघरी पोचले. अमेरिकी दैनिकांतील त्यांच्या रोजच्या पट्ट्या मुळात कृष्णधवल होत्या. अंकाच्या पानासाठी त्यांची मांडणी बदलली आणि रंग चढले. आज अमेरिकेत त्या पट्ट्यांचे नेटके संग्रह निघतात. पण त्यात आपल्या पिढ्यांनी पाहिलेले रंग नाहीत आणि वाचलेली मराठीही नाही. आपल्यासाठी मूळ प्रत कोणती, याचे उत्तर अमेरिकी संग्रहात सापडणार नाही.

म्हणूनच प्रकाशकांकडून फार मोठी अपेक्षा नाही. छपाई कशावरून केली, रंग कोणी भरले आणि कोणती पाने पुन्हा गिरवली, एवढी माहिती एका ओळीत पुस्तकाच्या आरंभी द्यावी. वाचकांनीही खंड उघडताना कागदाच्या चकाकीआधी ती ओळ शोधावी. मुलामा चढवण्यास हरकत नाही. तो मुलामा आहे, हे सांगितले म्हणजे झाले.