सूर्य ठेवायचा कोणत्या भांड्यात?

सूर्यातली ऊर्जा पृथ्वीवर कधी मिळणार, असे लोक मला विचारतात. मला चिंता आहे ती ज्या भांड्यात हा सूर्य ठेवायचा त्या भांड्याची.

ड्यूटेरियम आणि ट्रिटियम यांचे मीलन झाले की १४.१ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचा न्यूट्रॉन सुटतो. त्याला विद्युतभार नाही, त्यामुळे चुंबकांना तो जुमानत नाही. थेट पोलादात घुसतो, अणू जागचे हुसकावतो आणि आत हेलियम वायू तयार करतो. त्याच्या बुडबुड्यांनी धातू फुगतो, ठिसूळ होतो. भिंत किती वर्षे टिकेल? खात्रीने कुणीच सांगू शकत नाही, कारण तेवढा मारा करणारे यंत्रच आजवर उभे राहिले नाही. फ्रान्समधल्या ‘ईटर’मध्ये आपणही भागीदार आहोत, पण तिथला मारा पुढच्या वीजकेंद्रांच्या मानाने फारच थोडा.

अमेरिकेने हॅनफर्डला असे यंत्र उभारण्याचा बेत केला आणि १९८० च्या दशकात तो गुंडाळला. भट्टीला पैसा मिळतो, तिच्या भिंतीच्या परीक्षेला नाही. हे मला कधीच पटलेले नाही. आता स्पेनमध्ये ग्रॅनाडाजवळ ते काम हाती घेतले आहे. सेकंदाला पंधरा मीटर वेगाने वाहणाऱ्या द्रव लिथियमवर ड्यूटेरॉनचा झोत आदळायचा, त्यातून न्यूट्रॉन सुटायचे आणि पलीकडे ठेवलेल्या पोलादाच्या चिमुकल्या तुकड्यांवर ते पडायचे. खऱ्या कडक माऱ्याची जागा म्हणाल, तर जेमतेम लोटीभर.