स्मार्ट मीटरशी भांडण, पण कशासाठी?

‘नवा मीटर पळतो’ हा स्मार्ट मीटरवरचा सर्वांत लोकप्रिय आक्षेप, आणि माझ्या मते सर्वांत लंगडा. 2000 वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट जळते, मीटर कोणताही असो. जुना चकतीचा मीटर झिजून मंदावू शकतो आणि मग ग्राहकाला नकळत सूट मिळत राहते. ती संपली की बिल फुगल्यासारखे वाटते. सदोष मीटरही निघतीलच. त्यासाठी 2024च्या नियमदुरुस्तीत तरतूद आहे: रीडिंगबद्दल तक्रार आल्यास कंपनीने पाच दिवसांत दुसरा मीटर जोडून किमान तीन महिने पडताळणी करायची.

आता दुसरी बाजू. स्मार्ट मीटरमुळे बिल कमी होते म्हणे! महावितरणच्या स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना 1 जुलै 2025 पासून सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैसे ते 1 रुपया सवलत आहे. दुपारी सौर वीज मुबलक असते, म्हणून ही सवलत. मीटरची त्यात कृपा नाही. महिन्याला 50 युनिटे दुपारी वळवली, तर हाती 40 ते 50 रुपये. नवरा-बायको दोघेही नोकरीवर असतील, तर तेवढेही नाहीत.

खरे भांडण पैशाचे आहे. केंद्राच्या योजनेत बहुतेक राज्यांना मीटरच्या खर्चाच्या 15 टक्के, फार तर 900 रुपये अनुदान. इथली कंत्राटे मीटरमागे सुमारे 12,000 रुपयांची. उरलेले वीजगळती कमी होऊन निघतील, असे सांगतात. मग त्या बचतीचा हिशेब नियामक आयोगापुढे दरवर्षी मांडा; नाहीतर ‘मोफत मीटर’ वीजदरातूनच वसूल होणार. प्रीपेडबद्दलच्या आश्वासनाचेही तसेच. जून 2024 मध्ये सर्वसामान्यांना प्रीपेड मीटर लावणार नाही, अशी घोषणा राज्य सरकारने केली. पण आज पोस्टपेड असलेला हाच मीटर दुरूनच प्रीपेड करता येतो. थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी 15 दिवसांची लेखी नोटीस हवी, असे 2003च्या वीज कायद्याचे कलम 56 सांगते. शिल्लक संपताच आपोआप अंधार करणाऱ्या व्यवस्थेत ते संरक्षण उरेल काय?

एवढे असूनही मीटर मला हवा आहे. घराला कुलूप होते म्हणून येणारे सरासरी बिल त्याने थांबेल. रोहित्रावरची नोंद आणि त्याखालच्या घरांची बेरीज जुळवली, की चोरी कुठे होते तेही दिसेल; प्रामाणिक ग्राहकाने तिचा भार का वाहायचा?

तेव्हा बिलाची शंका आली तर मीटर फोडू नका. लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि पडताळणीचा मीटर मागा.