न छापलेले दुष्परिणाम

औषधाच्या खोक्यातील बारीक अक्षरांचा कागद वाचून धास्तावलेला माणूस गोळी टाकून काढ्याकडे वळतो. काढ्याच्या बाटलीवर दुष्परिणामांचा उल्लेख बहुधा नसतो. परंतु उल्लेख नसणे म्हणजे परिणाम नसणे नव्हे. करोनाच्या साथीत घरोघरी गुळवेल घेतली गेली. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी, ती घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला: ती गुळवेलच होती कशावरून? तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेलही असू शकेल. आक्षेप रास्त आहे. पण मग पुडीतले चूर्ण विकत घेणाऱ्या ग्राहकाने ते ओळखावे कसे?

विक्रेत्यास ठाऊक आणि ग्राहकास अज्ञात, अशा मालाचा बाजार अर्थशास्त्र सदोष मानते. येथे तर पुष्कळदा विक्रेताही अंधारात असतो! आधुनिक औषधांच्या कंपन्या काही धर्मात्मे नव्हेत. तो कागद त्या कायद्याच्या धाकाने छापतात. तोच धाक वनौषधींच्या कारखानदारांना का नसावा? ज्ञात दुष्परिणाम, आणि कोणत्या गोळ्यांबरोबर ते औषध घेऊ नये, हे त्यांनीही मराठीत छापावे. तोवर रुग्णाने निदान आपल्या डॉक्टरांपासून काढा लपवू नये.